इतर उत्पन्न

४ जून

प्रिय ताई,

फोनवर बोलायला लागलं की मी रडते आणि तू ओरडतेस, म्हणून लिहिते आहे. कागदावर निदान तुला मध्येच "मुद्द्यावर ये" म्हणता येणार नाही.

तर मुद्दा असा की कंपनीला कर्ज हवंय, नव्या बोगद्यासाठी. हे म्हणतात, या वेळी तांबं नक्की आहे. भूगर्भवाला माणूस येऊन दगड फोडून, चाटून, भिंगातून बघून गेला आणि जाताना मान डोलावली. बँक द्यायला तयार आहे, पण तारण मागते. आमच्याकडे तारण ठेवण्यासारखं आता काही राहिलेलं नाही, यंत्रं आधीच्या कर्जात अडकली आहेत. म्हणून आईचं घर. बाबांनी ते आपल्या तिघींच्या नावावर करून ठेवलंय, तेव्हा सह्याही तिघींच्या लागतात. माझी झाली, आईची झाली. तुझी तेवढी राहिली.

आईला काडीचाही त्रास होणार नाही. ती राहते तिथेच राहील, वरच्या भाडेकरूंनाही कळणार नाही. फक्त कागद बँकेच्या कपाटात जातील.

तू दिवसभर कंपन्यांचीच ऐपत तपासत असतेस, म्हणून सहा वर्षांचे अहवाल सोबत पाठवते. हे म्हणाले, "पाठव की, त्यांनाही कळू दे मेहुणा काय करतो ते." मागचे आकडे जरा खाली-वर आहेत, पण खाणीचा धंदाच धीराचा असतो. आणि ताई, अहवालाच्या सुरुवातीचं अध्यक्षांचं निवेदन जरूर वाच. नुसत्या आकड्यांवरून घाई करू नकोस.

तुझी
बारकी

---

१५ जून

चि. बारकीस,

अहवाल मिळाले. कागद उत्तम आहे, जाड आणि गुळगुळीत. मुखपृष्ठावर तुझा नवरा डोक्यावर हेल्मेट घालून डोंगराकडे बोट दाखवतो आहे. सहाही वर्षं तोच डोंगर आणि तेच बोट. हेल्मेट मात्र दर वर्षी नवं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

आता आमच्या धंद्यातली रीत सांगते, म्हणजे मी आकस धरून लिहिलं असं तुला वाटायला नको. कुठल्याही कंपनीची मागची कमाई तपासताना आम्ही आधी एकदाच आलेलं सगळं काढून टाकतो. जमीन विकली, काढा. कोर्टात जिंकले, काढा. मग दर वर्षी, न चुकता, धंद्यातून काय येतं ते बघायचं. तेच खरं. बाकी सगळं पाहुण्यांसमोर मांडलेलं सामान.

तर तुमच्या खाणसम्राटांची कमाई. पहिल्या वर्षी तोटा, तो मी माफ केला. नव्याने सुरू झालेल्या खाणीकडून पहिल्या वर्षी कोणी काही मागत नाही. दुसऱ्या वर्षी जगभर तांब्याचा भाव चढला होता. त्या वर्षी ज्याच्याकडे फावडं होतं त्यानेही पैसे केले. तुमची खाण मात्र पाण्याखाली होती, कारण पंप बंद पडला आणि दुसरा पंप घेतलेला नव्हता. निवेदनात याला "निसर्गाची परीक्षा" म्हटलंय. पंप निसर्ग बनवतो हे मला ठाऊक नव्हतं.

तिसरं वर्ष हे तुमचं एकमेव नफ्याचं वर्ष. मी आनंदाने पान उलटलं. नफा कशाचा? खाण बुडाली म्हणून मिळालेल्या विम्याचा! बारके, तुमच्या कंपनीने आजवर जे काही कमावलं ते बुडण्याबद्दल कमावलं. तांबं काढून एवढे पैसे तिला कधीच मिळाले नाहीत. चौथ्या वर्षी हिशोबाचं वर्षच पंधरा महिन्यांचं केलं आणि विक्री वाढली असं लिहिलं. इयत्ता तीच ठेवून मुलाला तीन महिने जास्त शाळेत बसवायचं आणि प्रगती झाली म्हणायचं, तसलाच हा प्रकार. पाचव्या वर्षी तोटा निम्मा झाला. का, तर खोदकाम बंद होतं. खोदलं नाही की तोटा कमी होतो, हा खाणसम्राटांचा सगळ्यात मोठा शोध आहे आणि त्यांनी तो लगेच सोडून दिला. सहाव्या वर्षी एका व्यापाऱ्याला सगळा माल उधारीवर विकलाय. हा व्यापारी त्यांचाच वर्गमित्र ना? पैसे अजून यायचे आहेत. ते यायचेच राहणार.

आणि यातही खरा तोटा दिसतच नाही, कारण खोदकामाचा निम्मा खर्च खर्चात धरलेलाच नाही. तो "मालमत्ता" म्हणून लिहिलाय. म्हणजे जमिनीत पाडलेलं भोक ही तुमची मालमत्ता. जितकं खोल भोक तितके तुम्ही श्रीमंत.

निवेदन वाचलं. तू आग्रह केलास म्हणून सहाही वाचली. "डोंगराच्या पोटात उद्याची पहाट झोपली आहे" हे वाक्य वाचून मी कपाट उघडून डोकेदुखीची गोळी घेतली. इतकं पिठूळ, इतकं लाडिक, इतकं खोटं गद्य मी वीसेक वर्षांच्या नोकरीत वाचलेलं नाही, आणि मी दिवाळखोरांची पत्रं पोटापाण्यासाठी वाचते. ज्याला धंदा करता येत नाही तो शब्द करतो, एवढंच कळलं.

सही करणार नाही. आईच्या डोक्यावरचं छप्पर मी एका भोकासाठी गहाण टाकणार नाही.

एक गोष्ट मात्र कळली नाही. दर वर्षी, अगदी शेवटच्या महिन्यात, "इतर उत्पन्न" म्हणून एक रक्कम येते. लहान आहे, पण नेमाने येते. ती कसली?

ताई

---

२७ जून

ताई,

तुझं पत्र यांनी वाचलं. मी लपवून ठेवलं होतं, पण यांना सापडलं. दोन दिवस धड जेवले नाहीत, नुसते गच्चीत येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझ्या बहिणीला दगडात दगडच दिसतो." मला ते पटलं. तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मोजल्यास, आणि त्याचाच पगार घेतलास. ज्याने काही केलंच नाही त्याच्या हिशोबात तोटा कुठून येणार?

पंपाचं म्हणशील तर दुसऱ्या पंपाचे पैसे मजुरांच्या पगाराला दिले होते. ते मात्र तू लिहिलं नाहीस. ते आकड्यांत दिसलं नसेल.

आणि निवेदनं यांनी लिहिलेली नाहीत. ती मी लिहिते, सहाही वर्षांची. हे संध्याकाळी येऊन खुर्चीत बसतात, काय झालं ते सांगतात, आणि मग मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते. उद्याची पहाट माझी आहे. शाळेत असताना माझे निबंध तूच तपासायचीस ना? तेव्हाही लाल पेनाने असंच लिहायचीस. "पिठूळ." तोच शब्द. मला वाटलं होतं, तू ओळखशील.

इतर उत्पन्न म्हणजे भंगार. जुनी यंत्रं, पत्रे, तारा. दर वर्षी वर्षाअखेरीला विकतो. सगळ्याच कंपन्या विकतात.

बँकेने पुढच्या महिन्याअखेरपर्यंत मुदत दिली आहे. हे म्हणतात, एवढा एक बोगदा झाला की तुझे सगळे शब्द तुला परत घ्यावे लागतील. मला तुझे शब्द नकोत. सही हवी आहे. कर्ज नाही मिळालं तर कंपनी बंद होईल, आणि कंपनी बंद झाली तर हे काय करतील ते मला माहीत नाही. तू लग्न केलं नाहीस, तुला नाही कळायचं.

बारकी

---

५ जुलै

चि. बारकीस,

निवेदनं तुझी आहेत हे ठाऊक असतं तर तो परिच्छेद मी लिहिला नसता. म्हणजे लिहिला असता, पण गोळीचा उल्लेख टाळला असता. वाईट वाटलं. मला वाटलं होतं, ही बढाई त्या माणसाची आहे. बढाईसुद्धा तो घरातून फुकट करून घेतो हे लक्षात यायला हवं होतं. तुझं अक्षर कधी खराब नव्हतं आणि वाक्यही नव्हतं. मजुरांचे पगार दिले हे चांगलं केलंत. तेच निवेदनात सरळ लिहिलं असतंस तर मी पहिल्यांदा मान दिला असता.

आता भंगार. बारके, मी तुझी बहीण आहे, पण दिवसा नोकरीही करते. तुमची यंत्रं किती, कधी घेतली, वजन किती, हे सगळं तुमच्याच अहवालाच्या मागच्या पानांत आहे. सहा वर्षांत तुम्ही जेवढं भंगार विकलंत तेवढं विकायचं तर निम्मी खाण उचलून भंगारवाल्याकडे न्यायला हवी होती. शिवाय भंगार काही असं वागत नाही. भंगार एखाद्या वर्षी खूप निघतं, एखाद्या वर्षी अजिबात नाही. तुमचं भंगार पहिली तीन वर्षं अगदी सारखं आहे, चौथ्या वर्षी चांगलं वाढतं, पाचव्या वर्षी जरा खाली येतं, सहाव्या वर्षी पुन्हा वर. पगारासारखं. पाचव्या वर्षी का उतरलं? भाव पडला होता म्हणशील. नव्हता पडला, मी बघितलं.

आणि गंमत अशी की माझ्याच रीतीने बघायचं तर तुमच्या अख्ख्या कंपनीत भरवशाची अशी ही एकच ओळ आहे. एकदाच आलेलं सगळं मी काढलं. विमा गेला, पंधरा महिने गेले, वर्गमित्राची उधारी गेली. खाली उरलं ते एवढंच. तुमची कंपनी तांब्याची नाही. तुमची कंपनी या ओळीची आहे, आणि तिच्यावर लोकांना भाग विकले गेलेत.

म्हणून सरळ विचारते, हे पैसे कोण देतं? मजुरांच्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेत का? की कोणा साध्या माणसाला गाठून दर वर्षी लुबाडताय? कोणीतरी असा आहे जो दर महिन्याला बाजूला टाकतो आणि वर्षाअखेरीला तुमच्या ओंजळीत ओततो. असा बावळट माणूस शोधून काढणं एवढं एकच काम खाणसम्राटांना जमलंय. पण त्या बावळटाची मला कीव येते, आणि त्याला मी सांगणार आहे. उत्तर आलं नाही तर तुमच्या हिशोब तपासनिसाला लिहीन.

आईलाही मी सगळी तपासणी पाठवली आहे. एकेक वर्ष वेगळं मांडून, सोप्या भाषेत, आणि शेवटी लिहिलंय की तिने आपली सही परत घ्यावी. तिला आकड्यांचं काही कळत नाही, पण माझ्यावर विश्वास आहे.

ताई

---

१४ जुलै

चि. मोठीस अनेक आशीर्वाद.

तुझं जाड पाकीट मिळालं. मला आकड्यांचं काही कळत नाही असं तू बारकीला लिहिलंस, ते तिने मला वाचून दाखवलं. बाबांच्या पगारात तुम्हा दोघींना शिकवून हे घर कोणी बांधलं असं तुला वाटतं? गवंडी हिशोब मला देत होता, बाबांना नाही.

तर तुझी तपासणी वाचली. चांगली आहे. जावई मूर्ख आहे हे सांगायला तुला एवढी पानं लागली, मला लग्नाच्या बोलणीतच कळलं होतं. तो आपल्या चपला दाराच्या मधोमध काढून ठेवायचा आणि प्रत्येकाने त्या ओलांडून जायचं. पण बारकीला तो आवडला. मी गप्प बसले.

त्या ओळीबद्दल तू फार डोकं लढवलंयस. मजुरांचे पैसे, साधा माणूस, लुबाडणं. मी ते वाचताना हसले, मग रडले, मग पुन्हा वाचलं. ती ओळ माझ्याकडून जाते. दर वर्षी वर्षाअखेरीला बारकी येते, आठ दिवस राहते, आणि जाताना मी तिच्या पर्समध्ये घालते. तिने कधी तोंडाने मागितलं नाही. मीही कधी विचारलं नाही की पुढे त्याचं काय होतं.

आणि माझ्याकडे कुठून येतात? मोठे, तू पाठवतेस ते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेत पडतात. मला ते लागतच नाहीत. वरच्या दोन खोल्यांचं भाडं येतं, मी एकटी, मला पुरून उरतं. तीन वर्षं झाल्यावर मी तुला लिहिलं होतं, पैसे पाठवू नकोस, त्यापेक्षा एकदा ये. तुझं उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यापासून जास्त पैसे यायला लागले. चौथ्या वर्षी ती ओळ वाढली ती त्यामुळे. पाचव्या वर्षी तुझं ऑपरेशन झालं, चार महिने तुझी बिनपगारी रजा होती, म्हणून उतरली. ऑपरेशनचंही मला तुझ्या शेजारणीकडून कळलं.

तू जगाच्या कमाया तपासतेस. स्वतःचे पैसे मात्र तुला ओळखता आले नाहीत. तो बावळट माणूस तूच आहेस. त्याची कीव कर किंवा करू नकोस, तुझी मर्जी.

घराच्या कागदावर मी सही केली, कारण बारकी दारात उभी राहून रडत होती आणि तिला नाही म्हणणं मला जमत नाही. पण मला पक्कं ठाऊक होतं की तुझी सही लागते, आणि तू काही करणार नाहीस. तुझ्या खडूसपणावर मी निर्धास्त होते. तेवढं तरी तू मला दिलंस.

बारकीला हे पैसे तुझे आहेत हे माहीत नाही. भाड्याचे साठवलेले आहेत असं मी सांगितलं होतं, नाहीतर तिने घेतले नसते. सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. मी दोघींनाही सांभाळून थकले आहे.

आई

---

२२ जुलै

बारके,

सोबत आईचं पत्र पाठवते आहे. आधी ते वाच, बसून वाच, आणि मग हे.

वाचलंस? मी चार दिवस कामावर गेले नाही. माझ्या टेबलावर दिवसाला दोन कंपन्या येतात, आणि त्यांच्या पुस्तकात कोणी चहाचे पैसे लपवले असले तरी मला वास येतो. सहा वर्षं तुमच्या पुस्तकात माझा पगार जात होता. मी ती ओळ बोटाने मोजली, तिचा भाव काढला, तिला भंगारवाल्याकडे नेऊन तोलून आणलं. पगारासारखी आहे असंसुद्धा लिहिलं. पुढचा शब्द सुचला नाही. हसू नकोस. हस वाटल्यास.

मला तुझा राग येतो का, हे मी शोधून बघितलं. येतो. भंगार म्हणून मला सांगितलंस त्याचा येतो. आईच्या पैशाला तू माझ्यापुढे तारा आणि पत्रे म्हणालीस. पण आईला तीन वर्षांनी लिहावं लागलं की पैशापेक्षा तू ये, आणि मी काय केलं तर रक्कम वाढवली. ते पत्र मला आठवतंय. मी ते कार्यालयात वाचलं, दुपारी, एका सिमेंट कारखान्याच्या दोन फायलींच्या मधे. मला वाटलं, तिला कमी पडतंय पण ती मागत नाहीये. माझ्या डोक्यात माणसाच्या पत्राचा दुसरा अर्थ आलाच नाही. तेव्हा मी तुझ्या नवऱ्याला काय हसू?

हसणार तरीही आहे. तो पैसा कुठून येतो हे त्याला ठाऊक होतं, निदान सासूचा आहे एवढं तरी, आणि तो त्याने कमाई म्हणून छापला. जाड कागदावर. तिथे मी आणि तो सारखे नाही.

पैसे परत मागत नाही. आईला पाठवणंही थांबवणार नाही. ती त्यांचं काय करते ते तिचं तिने बघावं. पण सही मी करणार नाही, आजही नाही आणि मुदत वाढली तरी नाही. तू माझ्याशी आयुष्यभर बोलली नाहीस तरी नाही. कंपनी बंद पडेल. पडू दे. ती चालू कधी होती?

यापुढे काय करायचं ते तुझं तू ठरव. मी पुष्कळ सल्ले दिलेत आणि त्यांत शहाणपण किती होतं ते आत्ताच कळलंय.

ताई

---

१९ ऑगस्ट

प्रिय ताई,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहू ते कळत नव्हतं. आई आणि तू, दोघींची पत्रं मी माळ्यावरच्या ट्रंकेपाशी बसून वाचली, तिथे कोणी येत नाही म्हणून. लाज वाटली. अजून वाटते आहे. तू आईला पैसे पाठवतेस आणि भेटत नाहीस म्हणून मी सहा वर्षं सगळ्या नातेवाइकांत तुझ्या नावाने बोटं मोडली, आणि त्याच पैशांवर ताठ मानेने हिंडले.

तुझी सही आता नको. बँकेने मुदत वाढवून दिली होती, तरी गहाणाचा अर्ज मी परत घेतला. बँकेतल्या माणसाने कारण विचारलं, मी म्हटलं, घर आईचं आहे. घराचे कागद आईच्या हातात दिले आहेत.

हे झालं वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी. यांना मी सांगितलं नाही. आता सभेचं सांगते.

तुला माहीत नसेल, पण हे निवेदन आधी कधीच वाचत नाहीत. मी लिहिते, टाईप करून पाकिटात घालते, आणि ते सभेत उभे राहून पहिल्यांदाच वाचतात; अहवालात ते सभेनंतर छापलं जातं. म्हणतात, त्याने आवाजात ताजेपणा राहतो. आणि वाचताना त्यांचं लक्ष शब्दांकडे नसतंच, समोरच्या रांगेकडे असतं. कोण आलंय, कोण नाही, कोण मान हलवतंय.

सभा नेहमीच्याच जागी होती, लाकडाच्या वखारीवरच्या हॉलमध्ये. घडीच्या खुर्च्या, एक पंखा, चहाचा मोठा थर्मास. तीसेक भागधारक असतील. निवृत्त माणसं, दोघी शिक्षिका, एक दातांचे डॉक्टर. मी नेहमीसारखी मागच्या रांगेत. हे उभे राहिले, पाकीट फोडलं, घसा साफ केला आणि आपल्या त्या भरदार आवाजात सुरू केलं.

"मान्यवर भागधारकहो, आपल्या कंपनीने स्थापनेपासून आजवर डोंगरातून एका पैशाचीही कमाई केलेली नाही."

पुढे मी सगळं लिहिलं होतं, ताई. तू लिहिलंस तेच, पण तुझे टोमणे काढून. पंप बंद पडला कारण दुसरा घेतला नव्हता. नफा झाला तो बुडाल्याचा. वर्ष पंधरा महिन्यांचं होतं. आणि मग, "इतर उत्पन्न या नावाखाली दाखवलेली रक्कम अध्यक्षांच्या सासूबाईंनी दिलेली आहे, आणि ती त्यांच्या थोरल्या मुलीच्या पगारातून आलेली आहे. या कंपनीची नियमित कमाई तेवढीच." पिठूळ असं एकही विशेषण वापरलं नाही. तुला दाखवायला हवं होतं.

हे वाचत गेले. वाक्याच्या शेवटी नेहमीसारखा आवाज खाली आणला, नेहमीसारखे थांबले. आणि ताई, लोकांनी टाळ्या वाजवल्या! ते थांबले की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांना सहा वर्षांत ठाऊक. यांनी मान झुकवून टाळ्या घेतल्याही. त्या क्षणी मला जी शिसारी आली ती कोणाची ते सांगता येणार नाही. यांची, त्या लोकांची, की इतकी वर्षं त्या टाळ्या आपल्या समजणाऱ्या माझी.

दातांच्या डॉक्टरांना कमी ऐकू येतं. ते हात वर करून म्हणाले, "शेवटचा भाग पुन्हा वाचता का? सासूबाईंचं काहीतरी होतं."

यांनी पुन्हा वाचलं. आणि या वेळी वाचता वाचता स्वतः ऐकलं. "थोरल्या मुलीच्या" इथपर्यंत आले आणि आवाज बंद. कागद उलटून मागे बघितलं, जणू खरं निवेदन मागच्या बाजूला असेल. कंपनीचे हिशोबनीस खिडकीतून वखारीकडे बघत बसले.

"हे खरं आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. ते विचारत यांना होते, पण हे माझ्याकडे बघत होते, सहा वर्षांत पहिल्यांदा मागच्या रांगेकडे.

मी उभी राहिले. म्हटलं, "खरं आहे. माझ्या बहिणीने तपासलंय."

मग जे व्हायचं ते झालं. आरडाओरडा, खुर्च्या सरकल्या, एका शिक्षिकेने माझा दंड धरून विचारलं की तिच्या पैशांचं काय. तिला मी पहाटेचं वाक्य विकलं होतं. कंपनी बंद करायची असं ठरलं आहे. यंत्रं विकून, आधीचं कर्ज फेडून जे उरेल ते वाटून घ्यायचं. थोडंफार हातात पडेल, फार नाही. त्या बाईंच्या घरी मी जाणार आहे, काय बोलणार ते अजून ठरवलेलं नाही.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. हे खुर्चीत बसले, तीच ती खुर्ची. मी समोर उभी राहिले, कारण मला वाटलं, आता ओरडतील, आणि ओरडले तर मी ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. ताई, मला खरंच वाटत होतं की एखादा तरी शब्द आईबद्दल काढतील. किंवा तुझ्याबद्दल. ऑपरेशनचं तरी विचारतील, कारण ते मी त्यांना घरी येताना पहिल्यांदाच सांगितलं होतं. चहा केला, त्यांनी घेतला.

मग कप खाली ठेवून म्हणाले, "वखारवाल्याची जागा रिकामी आहे. लाकडात फार पैसा आहे असं ऐकतो. नवी कंपनी काढू, पण आता तिचं निवेदन तू जरा सांभाळून लिही."

माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं मी या माणसाला वाक्यं पुरवली. आता आणखी एकही द्यायचं नव्हतं. मी पिशवीत दोन कपडे टाकले, दाराच्या मधोमध त्यांच्या चपला होत्या त्या पायाने बाजूला सारल्या आणि आईकडे आले.

बारकी